जुगलबंदीच्या रात्री: पहिल्यांदा येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या डिसेंबरात माझ्या भाच्याला आणि त्याच्या बँडमधल्या तीन पोरांना मी दादरला सतार-बासरीच्या जुगलबंदीला घेऊन गेले. तिकिटं मी काढली, वडापाव त्यांनी खाऊ घातले, आणि जाता-येता लोकलमध्ये प्रश्नांचा जो भडिमार झाला त्यातून हे पान तयार झालं. पुढे ऑफिसातल्या दोघी, शेजारच्या काकू, अमेरिकेहून सुट्टीला आलेला चुलतदीर, सगळ्यांनी थोड्याफार फरकाने तेच विचारलं. मी शिकलेली नाही, काही वाजवत नाही. तीस-बत्तीस वर्षं सतरंजीवर आणि खुर्चीवर बसून ऐकत आलेय, एवढंच भांडवल. तेव्हा उत्तरं ऐकणाऱ्याच्या बाजूची आहेत. वाजवणाऱ्यांनी चुका काढल्या तर राग नाही.

जुगलबंदी म्हणजे जॅमिंगच ना?

हा भाच्याचा पहिला प्रश्न, कुर्ला यायच्या आधीच. मी हो म्हटलं आणि मग पुढच्या सगळ्या गप्पांत त्या होकाराला ठिगळं लावत बसले.

बँडवाले जमतात तेव्हा त्यांच्या पायाखाली कॉर्डची एक माळ असते. ती फिरत राहते आणि वरून ज्याला जे सुचेल ते तो वाजवतो. आपल्याकडे कॉर्ड नाहीत. पायाखाली तानपुऱ्याचा एकच अखंड षड्ज, आणि चौकट दोन गोष्टींची: राग आणि ताल. रागाने सांगितलेलं असतं की कुठले सूर, कुठल्या वाटेने, कुठे थांबायचं आणि कुठून नुसतं हात लावून परतायचं. तालाने सांगितलेलं असतं की कितीही भटकलात तरी अमुक मात्रेला घरी या. मधलं सगळं त्या रात्रीचं. त्या अर्थाने जॅमिंगच.

मग आधी ठरलेलं काय असतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. राग, ताल, साधारण किती वेळ, सुरुवात कोण करणार. गत, म्हणजे तालात बांधलेली धून, कुणाची घ्यायची हे मेकअपरूममध्ये दहा मिनिटांत गुणगुणून ठरतं. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांची तर ध्वनिमुद्रणाच्या जेमतेम तासभर आधी पहिली भेट झाली होती, आणि त्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ चं ग्रॅमी मिळालं. दोघांचे हात तयार असले की ओळख वाजवता वाजवता होते.

खरी घासाघीस होते ती पट्टीवरून, म्हणजे सा कुठे धरायचा यावरून. हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या हिशेबात सांगायचं तर सतार साधारण काळी एक ते पांढरी दोन या टापूत खुलते. मैफलीची बासरी बहुतेक वेळा पांढरी तीनची. आता दोघांचा सा एक करायचा म्हणजे कुणीतरी खाली या किंवा वर जा. सतारीची तार फार चढवली की तुटायची भीती, म्हणून बहुतेक वेळा बासरीवाला पिशवीतून लांब, खालच्या पट्टीची बासरी काढतो. मग त्याची बोटं जास्त फाकतात, फुंकही जास्त लागते. जुगलबंदीत बासरी नेहमीपेक्षा गंभीर वाटली तर त्यामागे हा व्यवहार असतो.

रागातलं काहीच कळत नाही. यावं का?

या. राग ओळखता येणं ही ऐकण्याची अट नाही. राग ओळखणारे शेजारी मात्र जरा जपून. एक गृहस्थ माझ्या मागे बसून प्रत्येक रागाचं नाव मोठ्याने सांगत होते आणि दोनदा चुकले.

एकच गोष्ट शिकून या: सम. ती सापडली की निम्मी मैफल तुमची.

सम कशी शोधायची?

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. तीनतालाच्या सोळा मात्रा असतात, चार-चारचे चार तुकडे:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्या, नवव्याला हात मोकळा सोडा. त्या मोकळ्या हाताला काल किंवा खाली म्हणतात. मोजता मोजता हमखास चुकाल, सगळेच चुकतात. चुकल्यावर परत आत शिरायचा सोपा रस्ता सांगते. डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या, मोठ्या वाद्याकडे, कान द्या. दहाव्या मात्रेपासून डग्गा गप्प होतो, त्याची ती पोटातली घुमार ऐकू येत नाही, फक्त उजव्या, छोट्या तबल्याची टिणटिण राहते. चौदाव्या मात्रेला घुमार परत येते. ती परतली की तीन मोजा: चौदा, पंधरा, सोळा. पुढची सम.

दुसरी खूण सतारीच्या गतीत. विलंबित, म्हणजे संथ, गतीचा मुखडा (सुरुवातीची ओळ) पुष्कळदा बाराव्या मात्रेपासून उचलतात: दिर दा दिर दा रा. ही पाच पावलं ऐकू आली की सहावं पाऊल समेवर. एकदा कानात बसली की ती पाच पावलं जिन्यावरच्या ओळखीच्या पावलांसारखी कळतात.

तिसरी खूण अगदीच ढोबळ. माना बघा. समेवर पहिल्या तीन रांगांतल्या माना एकदम हलतात.

तीनतालाशिवाय झपताल (दहा), एकताल (बारा) आणि रूपक (सात) वाद्यवादनात बरेचदा भेटतात. रूपक लबाड आहे, त्याची पहिली मात्राच खाली. नवख्याने तिथे मोजू नये, नुसतं झुलावं. आणि मोजण्याचा फारच अभिमान वाटायला लागला तर गोव्याच्या पर्वत गावचे खाप्रूमामा आठवावेत. लयभास्कर म्हणत त्यांना. हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरायचे.

ते तीनदा तेच वाजवतात आणि सगळे ‘वाह’ म्हणतात, ते काय?

तिहाई. एखादा तुकडा तीनदा वाजवायचा, असा की तिसऱ्याचा शेवटचा ठोका नेमका समेवर पडेल. साधीशी करून बघा. तीनतालाच्या नवव्या मात्रेपासून म्हणा:

तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा

तिटकतला एक मात्रा, गदिगनला एक, धाला एक. तीन त्रिक नऊ. नवव्यापासून सोळाव्यापर्यंत आठ मात्रा होतात आणि नववा घास, म्हणजे शेवटचा धा, समेवर जाऊन बसतो. भाच्याच्या बँडमधल्या ड्रम वाजवणाऱ्या मुलीने हे मध्यंतरात रुमालावर लिहून घेतलं. दुसऱ्या भागात ती तिहाया आधीच ओळखायला लागली आणि माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर निघाली.

मोठे वादक याच हिशेबात खोड्या काढतात. मध्ये अर्धी मात्रा थांबतात, तिहाईची तिहाई करतात, किंवा सम आली असं भासवून एक मात्रा अलीकडेच सोडून देतात. सभागृह ‘आह’ करून हात वर नेतं आणि हात तसेच राहतात.

सुरुवातीला वाद्यं लावायला इतका वेळ का? घरून लावून आणत नाहीत?

आणतात. घरून, मग मेकअपरूममध्ये, मग स्टेजवर. तरी उतरतात. दिव्यांच्या उष्णतेने तारा सैल पडतात, एसीच्या थंडाव्याने ताणल्या जातात. तबल्याची पुडी चामड्याची, ती पावसाळ्यात उतरते आणि कोरड्या हवेत चढते. सतारीला वाजवायच्या सहा-सात तारांखाली तरफेच्या आणखी अकरा ते तेरा. त्या छेडायच्या नसतातच, वरचा सूर नेमका लागला की आपोआप झंकारतात. त्या बेसूर असतील तर सतार मुकी वाटते. संतूरच्या तारा तर शंभराला थोड्याच कमी. संतूरवादक हातोडीसारखी चावी घेऊन बसला की मी निवांत पिशवीतून चष्मा काढते.

मुंबई परिसरातल्या एका सभागृहात एसीची झोत सरळ स्टेजवर यायची. आयोजकांना सांगितलं तर म्हणाले, प्रेक्षकांची तक्रार येते. वादक बिचारा दर आठ-दहा मिनिटांनी खुंट्या पिळत होता आणि मागून कुणीतरी ‘अजून किती?’ म्हणत होतं. खाली आम्ही शाली गुंडाळून.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांनी वाद्यं लावून घेतली आणि लोकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं पहिला आयटम झाला. रविशंकर हसून म्हणाले, की लावणंच इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. म्हणजे तुम्ही गोंधळलात तरी एकटे नाही.

तबल्याचं लावणं मात्र जवळून बघण्यासारखं. हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठाच्या वेणीवर, वरून ठोकलं की सूर चढतो. खालून ठोकलं की उतरतो. फारच फरक असेल तर चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे सरकवायचे. सोळा घरं, प्रत्येक घर बोटाने तपासायचं. आणि चांगला तबलावादक हे काम मैफल चालू असतानाही करतो, एका हाताने ठेका धरून, दुसऱ्याने हळूच टुक्.

आलापात काही घडतच नाही. झोप आली तर?

आली तर येऊ द्या, घोरू नका. पण आलापात, म्हणजे तबल्याशिवाय सावकाश राग उलगडण्याच्या त्या सुरुवातीच्या भागात, काही घडत नाही हे मला मान्य नाही. उलट, मला विचाराल तर पैसे आलापाचेच वसूल होतात.

दादरच्या त्या रात्री राग बागेश्री होता. बागेश्रीत पंचम अगदी थोडका, चवीपुरता, आणि तोही उतरताना. बासरीवाल्याने अर्धा तास पंचमाला हातच लावला नाही. मध्यमावर येऊन थांबायचा, धैवतावर उडी मारायचा, परत मध्यम. सतारवाल्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यानेही तो सूर चोरून ठेवला. दोघांमध्ये अबोल पैज लागली होती जणू. माझ्या शेजारी भाचा फोन उलटा करून बसला होता, मला वाटलं कंटाळला. आणि मग बासरीवाल्याने अगदी सहज, वाक्याच्या मधोमध, म प ध ग असा पंचमाला पुसटसा स्पर्श केला. भाचा ताठ झाला. ‘मावशी, नवीन सूर आला!’ तेवढ्यात सतारवाला गालात हसला. मग त्याने गंधाराच्या पडद्यावरच तार आडवी ओढली, एकाच छेडीत पंचमाला जाऊन येऊन तेच वाक्य परत म्हटलं. पडदा बदलला नाही, बोटातली नखी तारेला दुसऱ्यांदा लागली नाही. त्याला मींड म्हणतात. बासरीवाल्याने बासरी ओठांवरून काढून त्याच्याकडे बघत मान डोलवली.

भाच्याला बागेश्री माहीत नव्हता. पण अर्धा तास ज्या सुराची वाट बघायला लावली गेली तो आलेला त्याला कळला.

आलापानंतर जोड येतो, म्हणजे तबल्याशिवायच लय सुरू होते. मग झाला, म्हणजे चिकारीच्या (बाजूच्या, उंच सुराच्या) तारांचा धडाका. आणि मग तबला. तबलावादक इतका वेळ हात मांडीवर ठेवून बसलेला असतो, त्याच्याकडे अधूनमधून बघा. उत्तम तबलावादक वाजवत नसतानाही कसा ऐकतो, हा एक वेगळाच कार्यक्रम असतो.

सवाल-जवाब हाच खरा गाभा ना?

टाळ्या तिथेच पडतात, पण तो गाभा नाही. एकाने तुकडा वाजवायचा, दुसऱ्याने तोच परत वाजवायचा, मग तुकडे आखूड होत होत शेवटी एकेक ठोका आणि सगळे मिळून तिहाई. मजा येते, नाही म्हणत नाही. मात्र बहुतेक वेळा पुढे काय येणार हे वीस मिनिटं आधी कळतं. पोपटासारखं परत म्हणणं आणि जवाब देणं यात फरक आहे. प्रश्न आल्यावर समोरच्याने जरा वेगळंच काही मांडलं, आणि तरी ते त्याच प्रश्नाचं उत्तर वाटलं, की समजावं जमलंय. असं एका मैफलीत दोन-तीनदा झालं तरी पुष्कळ.

मध्येच काही बिघडलं तर?

याचं उत्तर त्या रात्रीच मिळालं. मध्य लयीची गत रंगात आली होती आणि सतारीची बाजाची तार, म्हणजे ज्या तारेवर सगळा कारभार चालतो तीच, फाडकन तुटली. माइकसमोर तो आवाज केवढा येतो! सभागृहात शांतता. भाच्याने माझा हात दाबला.

बासरीवाल्याने सतारीकडे बघितलंच नाही. तो गतीच्या मुखड्यावर आला आणि तीच ओळ साधी, बिनशोभेची, फिरवत राहिला. हा लेहरा. तबलावादकाला एवढा इशारा पुरला. त्याने एकट्या तबल्याचे टप्पे सुरू केले: पेशकार धरला, मग कायदा, मग त्याचे पलटे. जणू पत्रिकेतच छापलं होतं. इकडे सतारवाल्याने बोटातली नखी काढून ठेवली, डबीतून तार काढली, खालच्या टोकाला अडकवली, घोडीवरून नेली, खुंटीत घातली, पिळली. हात थरथरत नव्हते. साडेचार-पाच मिनिटं लागली असतील. मग कान सतारीला लावून तबल्याच्या आवाजाखाली हलकेच टुणटुण करून सूर जुळवला, नखी घातली, आणि मान खाली घालून वाट बघत बसला. तबल्याची तिहाई समेवर पडली त्या ठोक्याला सतार आत होती.

पुढची दहा मिनिटं ती नवी तार सैल पडत राहिली. नव्या तारेचं असंच असतं. दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दर फेरीला, तो डाव्या हाताने खुंटी जरा पिळायचा, तेही दोन वाक्यांच्या मधल्या श्वासात. बँडवाल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं ते हेच. पंचमाचं कुणाला सांगितलं नाही.

टाळ्या कधी वाजवायच्या? ‘क्या बात है’ म्हणावं का?

आतून आलं तर म्हणा. आलापात हळू, गतीत जरा मोकळेपणाने. तबल्याचा तुकडा समेवर आला की टाळी चालते. फक्त टाळी पडली म्हणून मागोमाग टाळी नको, त्या गडगडाटात पुढच्या दोन मात्रा बुडतात. आणि मांडीवर ताल धरायचा असेल तर अंगठीचा हात नको. लाकडी खुर्चीवर ती टकटक चार रांगा ऐकू जाते.

कुठे बसावं?

अगदी पुढे नको. आवाज स्पीकरमधून डोक्यावरून जातो आणि मान दुखते. सहावी ते दहावी रांग, मधल्या वाटेजवळ. जुगलबंदीत तबलावादक बहुतेक वेळा मधोमध आणि दोन्ही वादक दोन बाजूंना असतात. मला दोघांचे चेहरे दिसायला हवेत. बोटं नाही दिसली तरी चालेल. पुढचं काय ठरतंय ते चेहऱ्यावर आधी कळतं.

तबलजी म्हणायचं की तबलावादक?

तबलावादक. ‘तबलजी’त जुन्या काळचा हलका सूर आहे, अनेकांना तो खटकतो. ‘साथीला कोण?’ असं विचारणंही जुगलबंदीत जपून, तिथे तो तिसरा भिडू असतो.

जुगलबंदीत आणखी कुठली वाद्यं असतात?

सरोद: पडदे नाहीत, धातूची गुळगुळीत पट्टी, तार नखाच्या कडेने दाबतात आणि नारळाच्या करवंटीच्या जव्याने छेडतात. म्हणून सरोदवादक नखाला जिवापाड जपतो. संतूर: काश्मीरचं वाद्य, शिवकुमार शर्मांनी रागसंगीतात आणून बसवलं. त्यावर मींड काढता येत नाही ही त्याची अडचण, आणि ती ते कशी लपवतात हीच गंमत. बासरी: पन्नालाल घोषांच्या आधी ती लोकसंगीतातली. त्यांनी लांब, बत्तीसेक इंचांची बासरी घडवली तेव्हा तिच्यातून आलाप निघायला लागला. व्हायोलिन: गोव्याचे श्रीधर पार्सेकर आणि नंतर मुंबईचे डी. के. दातार यांनी आपल्या लोकांच्या कानाला ते गायला लावलं.

आणि पखवाज. तो असेल त्या दिवशी लवकर जा. वाजवण्याआधी डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतात, अगदी पोळीच्या कणकेसारखा. थोडा लावायचा, थाप मारून बघायची, थोडा काढायचा, परत थाप. कणीक जास्त तर आवाज बसका, कमी तर पोकळ. कार्यक्रम संपला की खरवडून काढायची. वारकरी कीर्तनातला मृदंग ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे नवीन नाही. भाच्याच्या मित्राला वाटलं, कुणीतरी डबा सांडला.

जाता जाता एक. समोर दिसणारी सतार मिरजेची असण्याची बरीच शक्यता असते. तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घासायचं सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली, आणि भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

फ्युजन म्हणजे जुगलबंदीच का?

कधी कधी. आजकाल ड्रमसेट, कीबोर्ड आणि एक सतार एवढ्यावर फ्युजनची पाटी लागते, आणि त्यातली सतार बहुतेक वेळा पोह्यांवरच्या खोबऱ्यासारखी वरून भुरभुरलेली असते. पण ‘शक्ती’ ऐका. जॉन मॅकलॉफलिनची गिटार, झाकिर हुसेन यांचा तबला, एल. शंकर यांचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचं घटम. १९७० च्या दशकातला हा मेळ. मॅकलॉफलिनने गिटारवर तरफेसारख्या वेगळ्या तिरप्या तारा बसवून घेतल्या होत्या. हे कळल्यावर भाचा दोन दिवस आपल्या गिटारकडे संशयाने बघत होता. पुढच्या काळातल्या शक्तीत आपले शंकर महादेवन आले, आणि २०२४ मध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला झाकिरभाई गेले.

वडील अल्लारखा ३ फेब्रुवारी २००० ला गेले, तेव्हापासून दर ३ फेब्रुवारीला झाकिरभाई आणि भावंडं मुंबईत त्यांच्या नावाने पहाटेपासून रात्रीपर्यंतचा कार्यक्रम करत आली. जगभरचे तालवादक एका मंचावर, आणि खाली लोकलने आलेली आमच्यासारखी माणसं. एकाच दिवशी भैरवापासून रात्रीच्या रागांपर्यंत ऐकायला मिळण्याची सोय आता फार थोड्या ठिकाणी राहिली आहे.

उत्तर आणि दक्षिण एकत्र वाजवतात तेव्हा राग कसा जमतो?

दोन्हीकडे थोड्या वेगळ्या नावाने असलेला राग निवडतात. आपला मालकंस तिकडचा हिंदोळम, भूप म्हणजे मोहनम, यमन कल्याणीच्या जवळचा. हंसध्वनी, कीरवाणी, चारुकेशी तर तिकडूनच आलेत. सूर तेच, पण दाक्षिणात्य व्हायोलिन सुरावर हेलकावे घेतं आणि सतार त्याच सुरावर ठाम थांबते. शेवटी मृदंगम आणि तबला आमनेसामने आले की मात्र भाषा एकच होते, आकड्यांची.

पूर्वी रात्र रात्र मैफली चालायच्या म्हणतात. आता का नाही?

माझी पहिली रात्र सवाईतली. भीमसेन जोशींनी गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला महोत्सव. मामा मला रमणबागेत घेऊन गेला होता. तो स्वेटर, मफलर, सतरंजी आणि थर्मास अशा तयारीने, मी नुसत्या ओढणीवर. पहाटे तीनला कुणीतरी सरोद वाजवत होतं. कोण ते आठवत नाही, राग दरबारी होता एवढं मामा म्हणाला. मी त्याच्या मफलरमध्ये गुंडाळून अर्धी जागी, अर्धी झोपलेली. ते स्वप्नात ऐकलं की जागेपणी, अजून नक्की सांगता येत नाही.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाने ती घट्ट झाली. वर्षातले ठरावीक दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं. नियम योग्यच आहे, मीही रस्त्यालगतच्या इमारतीत राहते आणि गणपती-नवरात्रात भोगते. पण त्यात रात्रीच्या तिसऱ्या-चौथ्या प्रहराचे राग बेघर झाले हेही खरं. सवाई आता मुकुंदनगरला भरतो आणि दुपारीच सुरू होतो. त्यामुळे मुलतानी, भीमपलास हे दुपारचे राग ऐकायला मिळतात, रात्रीचा दरबारी घाईत उरकावा लागतो. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू नाही, तिथे आडवं येतं ते भाडं आणि रखवालदाराचं घड्याळ.

सोबत काय न्यावं? लहान मुलं आणली तर?

शाल. सभागृहात एसीसाठी, मांडवात थंडीसाठी. पाण्याची बाटली, खोकल्याची गोळी आधीच कागदातून सोडवून. फोन बंद. चित्रीकरण नको, तुमच्या पडद्याचा उजेड मागच्या चार जणांना आलापात टोचतो. मुलं जरूर आणा, कडेच्या खुर्चीवर बसवा, चुळबुळ सुरू झाली की बाहेर एक चक्कर. मुलांना तबला लगेच कळतो. मोठ्यांचीच समजूत काढावी लागते.

रात्री परत कसं जायचं?

शेवटच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवा आणि तिच्या आधीचीच गाडी धरायची असं ठरवा, कारण भैरवी पंधरा मिनिटं लांबतेच. आम्ही दादरला गाडी धरली तेव्हा डबा जवळजवळ रिकामा होता. ड्रम वाजवणारी मुलगी खिडकीच्या गजावर नखाने ठेका धरत होती, बाकीचे मोजत होते. घाटकोपरला एक जण चुकला, मुलुंडला दुसरा. ठाण्याला चढलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘पोरांनो, खाली विसरताय.’ मग कळवा-मुंब्रा सगळं नवव्या मात्रेला हात मोकळा सोडण्यात गेलं. डोंबिवलीला उतरताना भाचा जिन्यावर तेराव्या मात्रेपाशी अडकला होता.